विषय: रॅफलची बक्षिसं न्या हो! (माझी मेल खरी आहे)

प्रेषक: मेधा (खजिनदार)

नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळाच्या शनिवारच्या रॅफलची (तिकिटांच्या सोडतीची) पैठणी, मिक्सर आणि चांदीचा करंडा अजून माझ्या दिवाणखान्यात पडून आहेत. तिन्ही विजेत्यांना मेल टाकल्या, एकाचंही उत्तर नाही. उलट कोणीतरी माझी मेल 'फिशिंग', म्हणजे माहिती उकळणारी बनावट मेल, म्हणून रिपोर्ट केली. कृपया स्पॅम फोल्डर बघा. पैठणी देणाऱ्या काकू रोज विचारतात, कोणाला गेली म्हणून.
मेधा

---

प्रेषक: सुहास

मेधाताई,
रिपोर्ट मीच केली, आणि तशीच मेल पुन्हा आली तर पुन्हा करीन. विषयात 'अभिनंदन!! तुम्ही जिंकलात!!', खाली 'घरचा पत्ता, फोन आणि जन्मतारीख या फॉर्ममध्ये भरा', त्याखाली '४८ तासांत उत्तर न आल्यास बक्षीस रद्द'. पाठवणारा कोण, तर एक अनोळखी जीमेल. मंडळाचं नाव सहीतसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात इथल्या, ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीच्या नावाने दुसरी एक मेल आली होती. साडेआठ लाख पौंड! 'तुमचा ईमेल पत्ता संगणकाने निवडला', पासपोर्टची प्रत पाठवा, 'क्लिअरन्स'चे ४९५ पौंड आधी भरा, आणि रक्कम हातात पडेपर्यंत कोणाशी बोलू नका. सही कॅमलॉटची. अहो, लॉटरी चालवण्याचं काम कॅमलॉट कंपनीकडून ऑलविनकडे गेलं ते फेब्रुवारी २०२४ मध्येच! पाठवणाऱ्याचं नाव भारदस्त, पण 'रिप्लाय' दाबलं की 'टू'मध्ये वेगळाच फुकटातला पत्ता उमटतो. दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवून बघा. पैसे मागितले नाहीत, एवढाच काय तो तुमच्यात फरक.
सुहास

---

प्रेषक: मेधा (खजिनदार)

सुहास,
तोच फॉर्म गणपतीच्या नावनोंदणीला वापरला होता, तेव्हा तू निमूटपणे चार जणांची नावं भरलीस. जन्मतारखेचा रकाना तेव्हापासूनचा आहे. ४८ तासांची अट समितीच्या बैठकीत ठरली, बैठकीला यायचं होतंस. मंडळाच्या अधिकृत पत्त्याचा पासवर्ड माजी कार्यकारिणीकडून अजून आलेला नाही, हेही एकदा इथे लिहून ठेवते.
मेधा

---

प्रेषक: विनायक (अण्णा)

मला असल्या लॉटऱ्या महिन्याला लागतात. परवा एका 'बॅरिस्टर'ला कळवलं, माझ्या बक्षिसातूनच तुमची फी कापून घ्या आणि उरलेले पाठवा. चार दिवस झाले, गप्प आहे. तिकीट न काढता स्पॅनिश लॉटरीसुद्धा लागली आहे मला. निवृत्त माणसाला तेवढीच करमणूक. तुम्हीही करून बघा.
अण्णा

---

प्रेषक: नीलिमा

अण्णा, कृपा करून हे करू नका. तुम्ही उत्तर दिलंत की पत्ता चालू आहे आणि मागे माणूस आहे हे त्यांना कळतं, मग तो पत्ता पुढे विकला जातो. करमणूक हवी तर रविवारी ब्रिजला या.

आमच्या मावससासऱ्यांना कोल्हापुरात व्हॉट्सॲपवर २५ लाखांची लॉटरी लागली, टीव्हीवरच्या त्या करोडपतीवाल्या कार्यक्रमाच्या नावाने. सोबत धनादेशाचा फोटो, त्यावर यांचं नाव. आधी आठ हजार 'प्रोसेसिंग', मग जीएसटी, मग 'रिझर्व्ह बँकेचा शिक्का'. दर वेळी हा शेवटचाच हप्ता. पैसे बुडाले, मुलाने तक्रार नोंदवली, आणि दोन महिन्यांनी 'सायबर सेल'मधून फोन: तुमची रक्कम सापडली, सोडवायला फक्त बारा हजार. म्हणजे एकदा फसलेल्याची यादीच फिरते! तो दुसरा फोन आम्ही वेळेत पकडला.

ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांनी १९३० हा तिथला सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर त्यांच्या फोनमध्ये आजच टाकून द्या. पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आणि परदेशी लॉटरीसाठी भारतातून पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली मुळात बंदीच आहे, हे ऐकवलं की वडीलधारे जरा थांबतात. 'फसवणूक आहे' म्हटलं तर त्यांना आपण त्यांना अडाणी समजतो असं वाटतं. 'कायद्यात बसत नाही' हे पटतं.

इथे आलेली मेल रिपोर्ट ॲट फिशिंग डॉट गव्ह डॉट यूके या पत्त्यावर पुढे ढकला. एसएमएस असेल तर ७७२६ ला.
नीलिमा

---

प्रेषक: प्रकाश (माजी सचिव)

पासवर्ड मी मे महिन्यातच लखोट्यात घालून दिला आहे. असो.

मुद्दा वेगळा आहे. गॅम्बलिंग ॲक्ट २००५ प्रमाणे कार्यक्रमाच्या जागी, कार्यक्रम चालू असतानाच तिकिटं विकली तर स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी लागत नाही. या वेळी मात्र आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर तिकिटं विकली गेली. मग ती स्मॉल सोसायटी लॉटरी (छोट्या संस्थेची लॉटरी) ठरू शकते आणि नोंदणी लागू शकते. माझ्या काळात गल्ला हॉलच्या दारात बसायचा, त्याला कारण होतं. आणि मेधाताईंच्या मेलवर जो शंका घेईल त्याने तिकिटाच्या अर्ध्या भागावर काय छापलं आहे ते बघावं. काहीच छापलेलं नाही!
प्रकाश

---

प्रेषक: सुहास

प्रकाशकाका, नोंदणीचं समितीत बोला. माझं म्हणणं एवढंच आहे की जिंकल्याची मेल पाठवूच नका. नॅशनल लॉटरीसुद्धा ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यांना 'तुमच्या तिकिटाबद्दल बातमी आहे' एवढंच कळवते. रक्कम बघायला आपल्या खात्यात आपणच जायचं. आणि इथे लॉटरीच्या बक्षिसावर कर नाही, त्यामुळे 'टॅक्स आधी भरा' म्हणणारा खोटाच.
सुहास

---

प्रेषक: मेधा (खजिनदार)

ठीक आहे. मेल रद्द, फॉर्म रद्द, ४८ तासही रद्द. आलेल्या जन्मतारखा मी पुसून टाकते. नंबर इथेच देते: पैठणी हिरवं ११७, मिक्सर गुलाबी ४२, करंडा हिरवं २०३. अर्धं तिकीट घेऊन रविवारी मराठी शाळेत या, अकरा ते एक. नाव-पत्ता काही नको, पैसे तर नकोतच. पुढच्या वर्षी तिकिटं फक्त हॉलमध्ये. प्रकाशभाऊ, तो लखोटा कोणाच्या हातात दिला होता?
मेधा

---

प्रेषक: विनायक (अण्णा)

गुलाबी ४२ माझंच. मिक्सरचा प्लग इथला आहे की भारतातला?
अण्णा