वाढवणमधून युरोपला माल जाईल, पण डहाणूच्या माणसाचा त्यात हिस्सा किती?

किनारा_डहाणू
जून 2024 मध्ये केंद्राच्या कॅबिनेटनं आमच्या डहाणूजवळचं वाढवण बंदर मंजूर केलं, त्या निवेदनात सरळ लिहिलंय की या बंदराचा उपयोग भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरसाठी म्हणजे आयमेकसाठी आणि इराण-रशियाकडच्या उत्तर-दक्षिण कॉरिडॉरसाठी होणार. खर्च 76,220 कोटी, समुद्रात 1,448 हेक्टर भराव, नऊ कंटेनर टर्मिनल, आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून दहा लाखांच्या आसपास रोजगार. ऑगस्टमध्ये पालघरला भूमिपूजनही झालं. व्यापार वाढेल हे मलाही मान्य आहे, पण ज्याचा समुद्र जातोय त्याचा हिस्सा आधी कागदावर यावा आणि मग भराव टाकावा, इथे नेमकं उलटं चाललंय. वाढवण-वरोरचा किनारा खडकाळ आहे, त्या खडकांच्या आडोशाला मासळी अंडी घालते, पिल्लं तिथेच वाढतात. ओहोटीला बायका कोयती घेऊन कालवं फोडायला जातात, खेकडे काढतात, बाजारात बसून विकतात, त्याच पैशावर घरं चालतात. त्यांच्या नावावर ना बोट ना लायसन्स, मग नुकसानभरपाईच्या यादीत त्या कशा येणार? आणि नुसते मच्छीमारच नाहीत, या पट्ट्यात घरोघरी डायमेकिंग चालतं, दागिन्यांचे साचे बनवणारे हाताचे कारागीर आहेत, तेही विरोधात रस्त्यावर उतरले ते उगाच नाही.

निफाडचा_बागायतदार
तुमचं दुःख समजतं पण आमचीही बाजू ऐका. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, म्हणजे दोनेक आठवडे जास्त आणि भाडं वाढलं ते वेगळंच. आमचा द्राक्षांचा युरोपचा सीझन जानेवारी ते एप्रिल. औषधाचे अंश तपासणारी रेसिड्यू टेस्ट पास करायची, माल आधी थंड करायचा म्हणजे प्री-कूलिंग, रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात लावायचा, आणि तिथून माल इतके दिवस पाण्यावर राहिला की देठ सुकतो, मणी गळतात, समोरचा खरेदीदार पेटी उघडून फोटो पाठवतो आणि रेट पाडतो. त्याच्यापुढे आपलं काही चालत नाही कारण माल तिकडे पोचलेला असतो. बागेवरचं कर्ज मात्र इथेच असतं. एकाच रस्त्यावर अख्खा जिल्हा अवलंबून ठेवायचा का? दुसरा रस्ता पाहिजेच. सर्वसमावेशक विकास म्हणता ना, मग त्यात शेतकरी पण धरा.

जेबलअलीकर
मी दुबईत फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये म्हणजे माल पाठवण्याच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, निफाडवाल्यांनी आयमेककडून लगेच फार अपेक्षा ठेवू नये. सप्टेंबर 2023 ला दिल्लीच्या जी-20 मध्ये करार जाहीर झाला आणि महिनाभरात गाझाचं युद्ध सुरू झालं. नकाशावर रेघ आहे पण रूळ सलग नाहीत. अमिरातीत एतिहाद रेल सौदीच्या बॉर्डरपर्यंत मालगाडी नेते, सौदीच्या आतही लाइन आहे, पण मधले जोड बाकी आहेत आणि जॉर्डनमधून इस्रायलच्या हैफा बंदरापर्यंतचा तुकडा तर राजकारणातच अडकलाय. शिवाय कंटेनर इथे जहाजातून उतरवा, गाडीवर चढवा, तिकडे उतरवा, परत जहाजात चढवा, प्रत्येक वेळी पैसे आणि प्रत्येक वेळी रीफरच्या प्लगची काळजी. एका मोठ्या जहाजात वीस हजारांच्या वर कंटेनर जातात, मालगाडीत काही शे. महाग आणि घाईच्या मालाला ठीक आहे, सगळा व्यापार काही तिथून जाणार नाही.
पण बंदराच्या बाजूनं एक गोष्ट नक्की, वाढवणला किनाऱ्याजवळच वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली आहे. आज सगळ्यात मोठी जहाजं न्हावाशेव्यात पूर्ण भरून येऊ शकत नाहीत आणि आपला ट्रान्सशिपमेंटचा म्हणजे मधल्या बंदरात जहाज बदलून जाणारा बहुतेक माल कोलंबो, सिंगापूरसारख्या बाहेरच्या बंदरांतून फिरतो, त्याचा खर्च शेवटी आपल्याच निर्यातदाराच्या खिशातून जातो.

उरणचा_मी
खोलीचं ठीक आहे हो, रोजगाराचं बोला. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत देण्याची योजना आली. 1989 ला न्हावाशेव्याचं हेच बंदर, जेएनपीटी, सुरू झालं, देशाच्या कंटेनर व्यापारातलं ते मोठं नाव झालं, अभिमान आहेच. पण शेवा कोळीवाड्यातून उठवून हनुमान कोळीवाड्यात आणलेल्या लोकांच्या घरांना वाळवी लागली आणि त्यांचं पुनर्वसन पुढची कित्येक दशकं लोंबकळत राहिलं. आता तर नव्या टर्मिनलमध्ये यार्डातली क्रेनसुद्धा लांब खोलीत बसून स्क्रीनवर चालवतात. दहा लाखांतले प्रत्यक्ष किती आणि अप्रत्यक्ष किती हे फोड करून कोणी सांगेल का?

बंदर_समर्थक
उरणकरांनी अर्धंच चित्र दाखवलं. आज उरण-पनवेल पट्ट्यात सीएफएस म्हणजे कंटेनर भरण्या-उतरवण्याची आवारं, ट्रेलर, कस्टम ब्रोकरची ऑफिसं, गोडाऊन, वजनकाटे, टायरवाले, खानावळी हे सगळं कशावर उभंय? बंदरावरच ना. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर इमारती बांधून किती घरं सावरली. हायकोर्टानं एप्रिल 2024 मध्ये वाढवणविरोधातल्या याचिका फेटाळल्या, डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं त्याआधीच अटी घालून परवानगी दिली, आता अजून किती वर्षं थांबायचं? प्रत्येक प्रकल्प अडवत बसलो तर जहाजं गुजरातच्या मुंद्रा आणि केरळच्या विझिंजम बंदराला जातील आणि पालघरच्या पोरांना रोज पहाटेची विरार लोकल पकडायला लागेल, जशी आज लागते.

नैरोबीत_असतो
माझं काम केनियात आहे म्हणून इथला अनुभव लिहितो. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे 2017 ला सुरू झाली, मुख्यतः चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर. प्रवाशांना मस्त सोय झाली, तासन्तासांचा रस्ता वाचला. पण मालाचं उत्पन्न कमी पडायला लागलं तसं सरकारनं 2019 मध्ये फर्मान काढलं की आयातीचे कंटेनर रेल्वेनंच नैरोबीच्या ड्राय पोर्टला म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर डेपोला न्यायचे. मोंबासातले ट्रकवाले, गोडाऊनवाले, क्लिअरिंग एजंट रस्त्यावर आले, हायवेवरच्या गावांतला धंदा बसला. शेवटी 2022 मध्ये नव्या सरकारनं तो आदेश मागे घेतला. लाइन चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता, जुन्या रस्त्यावर पोट असणाऱ्यांचं काय करायचं हे कोणी आधी ठरवलं नव्हतं.

बंदर_समर्थक
केनियाचं उदाहरण इथे लागू होत नाही. वाढवणची कंपनी जेएनपीए म्हणजे आधीचं जेएनपीटी 74 टक्के आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड 26 टक्के अशी आहे, परदेशी कर्जाचा गळफास नाही.

नैरोबीत_असतो
कर्ज कोणाचं यावर मी बोललोच नाही. ट्रकवाल्याचं पोट जातं ते कर्ज देशी असो की परदेशी, सारखंच जातं. उलट 26 टक्के राज्याचे आहेत तर त्यातला काही भाग थेट त्या गावांच्या नावावर ठेवायला अडचण काय आहे?

किनारा_डहाणू
हेच तर मागतोय. बोट नसलेल्या बायकांची, जाळी विणणाऱ्यांची, सुकी मासळी विकणाऱ्यांची नावानिशी नोंद, उत्पन्नात गावांचा दरवर्षीचा वाटा, आणि आमच्या पोरांना क्रेन आणि सिस्टीमचं ट्रेनिंग आत्ताच, बंदर सुरू झाल्यावर नाही. आणि हे लेखी होईपर्यंत भराव नको.

निफाडचा_बागायतदार
पहिल्या तिन्ही मागण्यांना माझा पाठिंबा, आमच्या शेतकरी ग्रुपवरही टाकतो. पण काम थांबवा याला नाही. नोंदणी आणि भराव दोन्ही एकदम चालू शकतं.

उरणचा_मी
एकदम चालत नाही दादा. आमच्याकडे चौथ्या टर्मिनलच्या वेळी मच्छीमारांना हरित लवादात जावं लागलं. 2015 मध्ये लवादानं 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख द्यायला सांगितलं, जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोनं मिळून. तरी पैसे हातात आले नाहीत, प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. टर्मिनल मात्र 2018 च्या सुरुवातीला चालू झालं. म्हणून डहाणूवाल्यांना सांगतो, आधी यादी, मग वाळू.