वाचनखोलीत मुलं का बसत नाहीत?

*सी-१०३:* कमिटीला विनंती. पंपरूमशेजारची खोली मुलांच्या वाचनासाठी दिलीत, छान झालीये. पण मुलं दहा मिनिटांत बाहेर. माझी लेक म्हणते, "आई, तिथे कानात टाचणी टोचते." मी जाऊन उभी राहिले, मला काहीच ऐकू आलं नाही.

*सेक्रेटरी:* ताई, दुपारी पंप बंदच असतो. अभ्यास टाळायला काहीतरी कारण हवंच. संध्याकाळी खाली एवढा गोंगाट करतात, तेव्हा नाही कान दुखत!

*ए-६०४:* साहेब, पंपरूममध्ये उंदीर पळवायचं प्लगवालं यंत्र लावलंय ना? त्यातली काही यंत्रं मुलांना ऐकू येतात. लहानपणी साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे, म्हणजे अगदी उंच, बारीक सूरही ऐकू येतात, वय वाढलं की आधी वरचेच सूर जातात. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास दुकानांबाहेर घोळका करणाऱ्या पोरांना हटवायला १७ किलोहर्ट्झच्या आसपास वाजणारं यंत्र निघालं होतं. मोठ्यांना पत्ताच नाही!

*बी-२०१:* मला तर बेलही ऐकू येत नाही. मुलांवर विश्वास ठेवा 😀

*ए-३०२:* टाकी धुणार होते ती आज की उद्या?

*सेक्रेटरी:* उद्या. मेसेज वर आहे.

*डी-५०२:* मी शाळेत शिकवते, म्हणून लिहिते. मुलांना परिसरात फिरवून ऐकलेल्या आवाजांना गुण द्यायला सांगते. कॅनडातले संगीतकार मरे शेफर असे ऐकण्याचे व्यायाम मुलांकडून करून घेत, कल्पना तिथली. आपल्याला वाटतं, जितका मोठा आवाज तितके कमी गुण. तसं होत नाही. आगगाडी, क्रेन, रस्ता खोदणारं मशीन यांना भरभरून गुण मिळतात, कारण ते समोर दिसतं, काय चाललंय ते कळतं. शून्य मिळतो तो अचानक दचकवणाऱ्या किंवा कुठून येतो ते न कळणाऱ्या आवाजाला. मॉलमधला हात सुकवायचा ड्रायर तर जवळजवळ सगळ्यांचा नावडता.

*सी-१०३:* ड्रायरला आमचीही घाबरते!

*डी-५०२:* घाबरणारच, तो मुलांच्या कानाच्या उंचीवर असतो. कॅनडातल्या नोरा कीगन या शाळकरी मुलीने लहानांच्या उंचीवर मीटर धरून असे ड्रायर मोजले. काही १०० डेसिबलच्या वर गेले. २०१९ मध्ये तिचा लेख बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला. आपण मोजतो ते आपल्या उंचीवरून, हे आधी माझ्याही डोक्यात नव्हतं.

*सेक्रेटरी:* बरं. पण संध्याकाळच्या गोंगाटाचं काय? तो चालतो?

*डी-५०२:* तो त्यांचा स्वतःचा असतो ना! हवा तेव्हा सुरू, हवा तेव्हा बंद. तुम्हाला तो त्रास वाटतो तोही खराच, पण वाचनखोलीचा प्रश्न वेगळा आहे.

*ए-६०४:* आणि पंप चालू असताना तिथे कुणी वाचून दाखवलं, तर मुलांचं जास्त निसटतं. अर्धवट ऐकलेला शब्द आपण अंदाजाने पुरा करतो, त्यांचा शब्दसाठा तेवढा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गात शिकवताना मागचा आवाज ३५ डेसिबलच्या आत ठेवा म्हटलं होतं. न्यूयॉर्कच्या एका शाळेत उन्नत रेल्वेमार्गाकडच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे पडत होती, १९७५ चा अभ्यास आहे. पुढे रुळांखाली रबर बसवलं, वर्गांत आवाज शोषणारं छत लावलं आणि तो फरक उरला नाही.

*सेक्रेटरी:* छत वगैरे पुढच्या मीटिंगला, फंड बघून. यंत्र आज काढतो.

*ए-६०४:* आजच नको. काही दिवस चालू, काही दिवस बंद ठेवा आणि मुलांना सांगू नका. रोज फक्त विचारायचं, टोचतंय का?

*सी-१०३:* मलाही सांगू नका, माझ्या चेहऱ्यावरून कळेल तिला.

*सेक्रेटरी:* ठीक. पंपरूमची चावी माझ्याकडेच राहील. आणि बंद असताना उंदीर आले तर?

*बी-२०१:* पिंजरा आहे माझ्याकडे. घेऊन जा, पण बेल वाजवू नका, फोन करा.