घड्याळ-मनोऱ्याचा गिलावा फुगतोय

प्रश्न: गावच्या जुन्या मनोऱ्याच्या चिऱ्यावर (घडीव दगडावर) कुणीतरी सिमेंट थापलंय. दर पावसाळ्यानंतर गिलावा फुगतो, चिरा आतून भुगा होतो. उपाय?

– सिमेंट ओल कोंडतं. आत क्षार साचून चिरा फोडतात. हातछिन्नीनेच काढा, ब्रेकर मशीन अजिबात नको. भिंत पूर्ण वाळू द्या. मग नवा गिलावा: मुरवलेला चुना १ भाग, धुतलेली रेती ३ भाग. समुद्राची रेती नको, तिच्यात मीठ असतं. एकेक थर १० मिमीपर्यंतच. जाड थराला तडे जातात. ओल्या गोणपाटाने आठवडाभर झाका. काम नोव्हेंबरात सुरू करा.

– घड्याळाचंही बघा. यंत्र सुटं करण्याआधी ते चालवणारी टांगती वजनं खाली उतरवा, नाहीतर जीवावर बेतेल. तेल फक्त चाकांच्या आसांच्या टोकांना. चाकांच्या दात्यांना लावलं की धूळ चिकटून ते झिजतात. घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाच्या गोळ्याखालचा नट किंचित वर फिरवा.

– चुन्यात थोडं सिमेंट चालेल?

– नाही.