डोळ्यांवर रुमाल बांधून काठी तपासली म्हणे!

काठीवाला_सांगली: काल एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची पोस्ट फिरत होती. 'अंधांसाठी स्मार्ट काठी, प्रदर्शनात पहिलं बक्षीस, चार मित्रांनी डोळ्यांवर रुमाल बांधून यशस्वी चाचणी.' खाली अभिनंदनाचा पाऊस. मी जन्मांध. सांगलीत २२ वर्षं काठी घेऊन एकटा फिरतोय. रुमाल बांधलेला डोळस म्हणजे अंध नव्हे, घाबरलेला डोळस.

पुढ्यातला दगड साध्या काठीला कळतो. त्याला सेन्सर कशाला? मला लागतं ते कपाळाला. गणपती पेठेत दुकानापुढं ताणलेली ताडपत्रीची दोरी, उभ्या टेम्पोची उघडी फळी, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा कोपरा. काठी खालून सुटते, डोकं आदळतं. वर ह्यांची काठी सारखी 'पीं पीं' करणार. रस्ता मी कानानं ओलांडतो, बाबांनो. तोच कान तुम्ही बंद केलात. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन २०१४ मध्ये आली ती अंधांना सोबत बसवून केलेली. म्हणून ती आपल्याच पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसते, गुडघ्याच्या वरचं टिपते आणि आवाज न करता हाताला थरथर देते.

फायनल_इयर: ती पोस्ट माझ्या वर्गमित्रांची. दादा, एका सेमिस्टरात प्रोजेक्ट, खिशातले पैसे, वर गाइड म्हणतात आधी चालू करून दाखवा. अंध माणसं शोधायची कुठं? तुम्ही भेटता ते कमेंटमध्ये, शिव्या घालायला. आणि बोटांनी वाचायच्या ब्रेल लिपीची मूळ कल्पना बार्बिये नावाच्या डोळस फ्रेंच माणसाचीच होती ना?

काठीवाला_सांगली: होती. बारा टिंबांची, बोटाच्या एका पेराखाली न मावणारी. १५ वर्षांच्या आंधळ्या लुई ब्रेलनं १८२४ मध्ये ती सहावर आणली, तेव्हा वाचता आली. बार्बियेला बक्षीस देऊन विषय संपवला असता तर आज मी निरक्षर असतो.

व्यवहारी: भावना समजू शकतो, पण २०११ च्या जनगणनेत अपंग सव्वादोन टक्के. त्यांना विचारत बसलं तर एकही ॲप वेळेत निघणार नाही.

मिरजेची_आई: त्या जनगणनेत ऑटिझमचा रकानाच नव्हता, भाऊ. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं अपंगत्वाच्या ७ प्रकारांचे २१ केले, त्यात आला. माझा लेक ९ वर्षांचा, बोलत नाही. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं एक ॲप घेतलं. त्यात पिझ्झा आहे, सँडविच आहे. ह्याला हवं भडंग! महिनाभर रोज संध्याकाळी पिझ्झ्यावर बोट ठेवून रडायचा. शेवटी मी डब्याचा फोटो काढून टाकला, त्या दिवशी १४ वेळा 'भडंग' वाजलं. दुसरं ॲप अभ्यासाचं. उत्तर बरोबर आलं की जोरात टाळ्या वाजतात आणि हा कान दाबून पलंगाखाली जातो. मग मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला लागला. अहवालात काय आलं? 'प्रगती नाही.' टाळ्या बंद करायची सोय द्या म्हणून लिहिलं, तर उत्तर आलं, 'मुलांना आवडतात.' कुठल्या मुलांना विचारलं होतं?

व्यवहारी: टाळ्यांचं मान्य. एका बटणाचं काम आहे.

काठीवाला_सांगली: एका बटणाचंच असतं सगळं. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर २००६ मध्ये दोन अंध ऑस्ट्रेलियन पोरांनी सुरू केलं. फुकट आहे, मराठीही वाचतं. पण आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल येतो कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टात; दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरं. 'महाराष्ट्र' शब्द सुरू होतो 'ई जी के जे के' असा. ऐका आणि सभेत मत द्या!

डीटीपी_काका: आलं का आमच्यावर! ३० वर्षं पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर पोट भरतोय. त्यात युनिकोड, म्हणजे फोनवर-नेटवर चालणारी मराठी, चालत नाही, माहीत आहे का? ३० वर्षांचं मॅटर परत कोण जुळवणार, तुमचा बाप?

काठीवाला_सांगली: बाप काढायचा नाही. पेजमेकर कंपनीनं कधीच सोडून दिला, तुम्हीच कवटाळून बसलाय.

डीटीपी_काका: नवीन सॉफ्टवेअरचे दर महिन्याला पैसे भरायचे आणि गिऱ्हाईक पत्रिकेच्या शंभर प्रतींत वीस रुपये कमी करा म्हणतं. जुना फॉन्ट बदलला की 'क्ष' पळतो, रफार शेजारच्या अक्षरावर बसतो. शुद्धलेखनाच्या शिव्या मलाच. दिसणाऱ्यांना नीट दिसायला नको का?

आयर्विन_पूल: विषय काय, चाललंय काय! ह्या फॉन्टवाल्यांनी अख्खा धागा खाल्ला. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत रिक्षावर भोंगा लावून सूचना दिली. माझी बहीण कर्णबधिर, घरात एकटी. पाणी पायरीला लागल्यावर तिला कळलं. तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मेसेज टाका, नाहीतर दारात दिवा उघडझाप करा. ह्याला सेमिस्टर लागत नाही.

फायनल_इयर: हे पटलं. काठीवालेदादा, खरंच विचारतो, रविवारी येऊ का? पेठेतून तुमच्याबरोबर चालायचंय.

काठीवाला_सांगली: रविवारी पेठ निवांत असते, काय कळणार? शनिवारी बाजाराला या. रुमाल घरी ठेवा. आणि अंधशाळेतल्या मुलांकडं जाणार असलात तर फोटोसाठी खाऊ वाटू नका, तासाचे पैसे द्या. तेही कामच आहे.

व्यवहारी: आता सल्ल्याचेही पैसे!

मिरजेची_आई: तुमचा सीए फुकट सांगतो वाटतं?

डीटीपी_काका: (दुसऱ्या दिवशी) झोप लागली नाही. तुमच्या सोसायटीचा अहवाल माझ्याकडंच छापलाय, हे काल सांगितलं नाही. कन्व्हर्टरमधून काढून रफार हातानं बसवले, ४२ पानं. वर लिंक डकवली आहे. उपकार म्हणून नाही, तुमचं तोंड बंद करायला.

काठीवाला_सांगली: ऐकला. पहिल्यांदाच कळलं की अध्यक्षांनी चहापाण्याला एवढे घातले. बाकी पान १७ वर 'कर्ज'चं 'कजर' झालंय, काका.

डीटीपी_काका: दिसणाऱ्या एकालाही नाही दिसलं ते. बदलतो.