मदत हवी आहे: कॅम्पर हौद्याबाहेर दीड फूट येतोय, फाळका उघडा ठेवून चालेल का?

राऊचा_रस्ता
नमस्कार. लवकर सांगा, शनिवारी पहाटे मांडूला निघायचंय. सांवेर रोडवरच्या एका बॉडीवाल्याकडून पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर करून घेतला. पैसे देऊन झालेत. आता चढवल्यावर तो मागे दीड फूट बाहेर येतोय. तो म्हणतो, फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडा ठेवा, त्यावर टेकेल. काल बायपासवर नेऊन पाहिला तर साठच्या पुढे स्टीअरिंग एकदम हलकं. बायको म्हणाली, गाडी आत्ताच्या आत्ता वळव. फक्त एवढंच हवंय: चालेल की नाही?

पलासियाकर
गाडी कोणती ते तर लिहा. एका रांगेची सिंगल कॅब की दोन रांगांची डबल? हौदा किती फुटी?

गार_पाणी_सप्लाय
कॅम्पर वीस लिटरवाले ना? आडवे ठेवू नका, तोटीतून गळतात. उभे ठेवून दोरी बांधा, दीड फूट बाहेर येणारच नाहीत.

राऊचा_रस्ता
पाण्याचा नाही हो, झोपायचा. पलंग, ओटा, सिंक असलेली खोली, हौद्यात ठेवायची आणि घरी आल्यावर जॅकवर उतरवून ठेवायची. डबल कॅब आहे. कोणी हो किंवा नाही सांगेल का?

महूचा_बोलेरोवाला
बोलेरो कॅम्पर म्हणताय का? माझ्याकडे आठ वर्षं आहे. कंपनीच हजार किलो सांगते. मागच्या पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगना, एक पान वाढवा, स्टीअरिंगचं नाव घेणार नाही.

पलासियाकर
भाऊ, त्यांच्या गाडीचं नाव कॅम्पर नाही, वर ठेवायच्या खोलीला कॅम्पर म्हणताहेत. आणि पाटे वाढवून पुढच्या चाकावर वजन कसं येईल?

महूचा_बोलेरोवाला
आठ वर्षं चालवतोय, तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

पिथमपूर_निवृत्त
राऊकर, फाळक्यावर काहीही टेकवू नका. तो दोन बिजागऱ्या आणि दोन तारांवर लटकतो, खड्ड्यात तार तुटली की खोली रस्त्यावर. शिवाय नंबर प्लेट फाळक्यावर असेल तर तीही दिसत नाही. हे उत्तर झालं. पण तुमचा आजार फाळका नाही, वजन कुठे पडतंय हा आहे. टेप घ्या आणि चार मापं लिहा: फाळका लावून हौद्याची आतली लांबी, तळाशी मोजलेली. चाकांवरच्या दोन उंचवट्यांमधली रुंदी. हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. आणि खोलीच्या तळाची लांबी. गाडीचं नावही.

राऊचा_रस्ता
काका, आत्ता मोजून आलो. इसुझू व्ही-क्रॉस, डबल कॅब. हौदा ६० इंच. उंचवट्यांमध्ये ४३. भिंतीपासून चाकाचा मध्य १८. खोलीचा तळ ७८ इंच लांब, ४२ रुंद. नकाशा अमेरिकेतला होता, तिकडचे लोक सर्रास हेच वापरतात, म्हणून मोजायचं सुचलं नाही. बॉडीवाल्यानेही विचारलं नाही.

पलासियाकर
तिकडच्या मोठ्या पिकअपांचे हौदे साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी असतात. ७८ इंच म्हणजे बरोबर साडेसहा फूट. दुसऱ्याच गाडीचा नकाशा आहे.

पिथमपूर_निवृत्त
रुंदी बसतेय, ते नशीब. आता खोलीचा तोल शोधा. बॉडीवाल्याकडे चेन कुप्पी, म्हणजे वजन उचलायची साखळी, असेलच. खोली उचलून तळाखाली आडवा एक इंची पाईप घाला, हळू टेकवा. पुढे झुकली तर पाईप पुढे सरकवा, मागे झुकली तर मागे. जिथे दोन्हीकडे न झुकता थरथरत उभी राहील तिथे बाहेरच्या पत्र्यावर खडूने उभी रेघ मारा. ती रेघ मागच्या चाकाच्या मध्याच्या पुढे हवी. मागे गेली की सी-सॉच्या फळीसारखं होतं, मागे बसलेला पुढच्याला उचलतो.

हिशेब करून बघा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण ३१० सेंटीमीटर. ५०० किलोची खोली चाकाच्या ४० सेंटीमीटर मागे तोलली तर पुढच्या चाकांवरून सुमारे ६५ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर ५६५ येतात. हलकं स्टीअरिंग ते हेच. पाटे बदलून गाडीची मागची बाजू उंच दिसेल, हे ६५ किलो परत येणार नाहीत.

नियम_आधी
सगळं सोडा, हे कायद्यात बसतच नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या रचनेत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच सांगितलं.

पलासियाकर
गाडीत बदल कुठे केलाय? खोली सुटी आहे, फ्रिज नेतो तसा माल आहे तो.

नियम_आधी
नाक्यावर हवालदाराला फ्रिज म्हणून सांगा मग.

दहा_फुटी
ही गाडी विका आणि बोलेरो मॅक्स पिकअप एचडी घ्या. हौदा दहा फूट, ३०५० मिलिमीटर, वजन दोन टनांपर्यंत. ७८ इंचाची खोली आत ठेवून वर सायकली ठेवा.

राऊचा_रस्ता
दादा, दोन मुलं आहेत, सिंगल कॅबमध्ये बसवू कुठे? खोलीत बसवून नेणार नाही, हे आधीच ठरलंय.

चोरलची_मेधा
तुम्ही मांडूला जाताय ना, मग वाटेतल्या घाटाच्या उताराचा विचार करा. आमचा मालवाहू टेम्पो अशा उतारावर न्यूट्रलमध्ये नेणारा एक ड्रायव्हर होता, त्याला आम्ही काढून टाकलं. वजन मागे असलेल्या गाडीने पहिल्यापासून खालचा गिअर, ब्रेक पंप करत बसायचं नाही. मुलं आहेत म्हणून लिहितेय. आणि निघायच्या आधी धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, जा. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. खोलीसकट आणि खोलीशिवाय.

सहलवेडा_देवास
मांडूत रात्री गाडी लावायला रूपमती मंडपाकडे जागा बघा, सकाळी नर्मदेकडची बाजू सुंदर दिसते.

महूचा_बोलेरोवाला
आरसीवर लिहिलेलं वजन कोणी बघत नाही.

पिथमपूर_निवृत्त
मी बघतो. राऊकर, आरसीवरच्या भरल्या वजनातून रिकामं वजन वजा करा. त्यातून तुम्ही चौघं, पाणी, गॅस, अंथरूण काढा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. जे उरेल तेवढीच खोली.

राऊचा_रस्ता
शुक्रवार रात्र. देवास नाक्याजवळच्या धर्मकाट्यावर जाऊन आलो. खोली रिकामी ४८० किलो. ती चढवल्यावर पुढच्या चाकांवर ६० किलो कमी झाले. खडूची रेघ चाकाच्या १६ इंच मागे आली. आरसीची वजाबाकीही केली. आम्ही चौघं बसल्यावर ४८० किलोंना जागा उरत नाही, पाणी भरायच्या आधीच. काका, तुमचं म्हणणं समोर लिहून आलं.

शनिवार रद्द केलाय. धाकटा रडला, पण बायकोने पहिल्यांदाच या खोलीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, ओटा मागे कशाला हवा, आपण बाहेरच स्वयंपाक करतो.

पिथमपूर_निवृत्त
वहिनींचं बरोबर आहे. मागचे १८ इंच कापा, ओट्यासकट. तळ ६० चा झाला की फाळका बिजागरीतून काढून घरी ठेवा. पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनच्या भिंतीला टेकवा. प्लायवूड जाड असेल तर आतल्या कपाटांची दारं काढून पडदे लावा. डबल कॅबमध्ये चाक खूप पुढे असतं, त्यामुळे रेघ पूर्ण पुढे येणं कठीण. चार इंच मागे राहिली तर मी माझ्या मुलांना बसवेन, सोळा असेल तर नाही. मग पुन्हा काटा.

राऊचा_रस्ता
सोमवारी कापायला टाकतोय. बॉडीवाला म्हणतो, मागची चौकोनी पाईपची फ्रेम कापली तर छत झुकेल. छताला आडवी पट्टी दीड इंची चालेल की दोन इंची लागेल? वरच्या पलंगावर मुलं झोपणार आहेत.