मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? दोन प्रोग्रॅम, दोन उत्तरं

न = २^३२ + १ = ४२९४९६७२९७ वर फर्माची कसोटी लावली आहे. २ पासून सुरुवात करून ३२ वेळा वर्ग, दर वर्गानंतर न ने भागून बाकी. न मूळ असेल तर शेवटी १ यायला हवा. पायथनमध्ये १ येतो, सी मध्ये (अनसाइन्ड ६४ बिट) ०. खरं कुठलं? आणि कागदावर खात्री कशी करायची?

प्रतिसाद १ (विषमपद)

१ बरोबर आहे. मुळात ० आला तिथेच थांबायला हवं होतं: २ च्या कुठल्याही घाताला विषम संख्येनं पूर्ण भाग जात नाही.

बाक्या मांडून बघा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पाचव्या वर्गाला न − १ येतो. त्याचा वर्ग २^६४, आणि ६४ बिटांत मावतं २^६४ − १ पर्यंतच. फक्त एकानं हुकतं! उरतो ०, आणि पुढे शून्याचे वर्ग शून्यच. इतर कुठल्याही बाकीचा वर्ग मावतो, त्यामुळे ही चूक इतर आकड्यांवर तपासून सापडणार नाही. जीसीसी (सी चा कंपायलर) असेल तर गुणाकारापुरता १२८ बिटांचा प्रकार घ्या.

पण १ आला म्हणून न मूळ ठरत नाही. मधेच न − १ आल्यामुळे पाया २ ठेवून (म्हणजे २ पासून सुरू करून) मिलर-राबिन ही फर्मापेक्षा कडक कसोटीसुद्धा फसते. ३ पासून सुरू करून ३१ वर्ग करा (पेपँची कसोटी). मूळ असती तर न − १ आला असता, येतो १०३२४३०३. म्हणजे संख्या संयुक्त.

प्रतिसाद २ (बाकीशून्य)

कागदावर तर फारच सोपं आहे. न चा प्रत्येक मूळ अवयव १२८क + १ या रूपातच असतो. म्हणून १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच बघायचे, आणि त्यांत मूळ दोनच. २५७ ने भागल्यावर २ उरतात. ६४१ ने भाग जातो, ऑयलरनं १७३२ मध्ये दाखवला तो हाच.

भागाकारही नको. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ च्या हिशेबात ५ × २^७ म्हणजे −१. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ म्हणजे १. शिवाय ६४१ = ५^४ + २^४, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ म्हणजे १. झालं, २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

धागाकर्ता

१२८ बिट केल्यावर सी मध्येही १ आला, धन्यवाद. दुसरा अवयव (न ÷ ६४१) ६७००४१७ मूळ आहे हे कसं दाखवायचं?

प्रतिसाद ३ (बाकीशून्य)

तोच नियम. वर्गमूळ सुमारे २५८८. तिथपर्यंत १२८क + १ रूपातल्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ.