चीत व्हायचं नाही, हे शिकलो तेच नडलं

लालमाती:
मागच्या महिन्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर अक्कलकोट रोडने घरी येत होतो. रात्रीचे पावणेबारा. दोघांनी गाडी आडवी घातली. "काय बे, लई घाई आहे का?" म्हणत एकाने माझी चावी काढली. मी त्याची मानगूट धरली, दुसऱ्याने मागून ओढलं, गाडीसकट खाली.

लहानपणी सहा वर्षं तालमीत होतो. तेव्हापासून अंगात एकच मुरलंय, पाठ जमिनीला लागू द्यायची नाही. पडल्या पडल्या झटकन पालथा झालो, हातपाय पसरून, गच्च. हौद्यात, तालमीतल्या मातीच्या आखाड्यात असतो तर वस्तादांनी शाबासकी दिली असती. पण इथे माझे खांदे टेकवण्यात कुणाला रस नव्हता. दोघे उभे राहून बरगड्यांवर, मानेवर लाथा घालत होते, आणि लाथ कुठून येतेय ते मला दिसतच नव्हतं. हेल्मेट डोक्यावर होतं म्हणून आज हे टाइप करतोय. मोबाईल गेला, दोन बरगड्यांना क्रॅक.

माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावर पडलात तर पालथं होऊ नका. पाठीवर राहा, पाय त्याच्याकडे, हनुवटी छातीला, हात तोंडापुढे. तो बाजूने यायला लागला की तुम्हीही तसेच गरागरा फिरा, जवळ आला की नडगीवर टाच. ब्राझिलियन जिउजित्सूत, म्हणजे जमिनीवर पडून लढायच्या कुस्तीत, हे सुरुवातीलाच शिकवतात. आपल्या तालमीत का शिकवत नाहीत?

जुना_मल्ल:
पोरा, बरगड्या सांभाळ आधी. पण खापर तालमीवर फोडू नकोस. पालथं राहणं हा खेळाचा नियम आहे, कारण तिथे चीत झालं की कुस्ती संपते. वस्तादाने तुला भांडण शिकवलं नव्हतं, कुस्ती शिकवली होती. समोर दोघं असताना एकाला कवळ घालायला गेलास, चूक तिथे झाली. एकाला धरलं की तुझे दोन्ही हात गुंतले, दुसरा मोकळा.

आणि तालमीने काही दिलंच नाही म्हणतोस? पाय रोवून उभं राहणं कुठे शिकलास? हौद्यातल्या मातीत हळद, ताक, तेल असतं, रोज खणतात तिला. म्हणून पट काढताना, समोरच्याचे पाय धरून पाडताना, गुडघा टेकवायचं भय वाटत नाही. डांबरावर टेकवून बघ एकदा. पडायचंच नाही, ही शिकवण अजूनही खरी. पाठीवर पडून पाय झाडणं मला तरी पटत नाही.

शेंगाचटणी:
रात्री पावणेबाराला हेल्मेट घालणारा अख्ख्या सोलापुरात एकच माणूस निघाला, आणि त्यालाच गाठलं त्यांनी.

जुळे_सोलापूरची_ताई:
काका, पाठीवर पडायची लाज तुम्हा पुरुषांना. बाईला खाली पाडणारा दोन लाथा घालून निघून जात नाही, तो अंगावर बसतो. "पडायचंच नाही" हे मला सांगून काय उपयोग? ऐंशी किलोच्या माणसाने ढकललं तर मी पडणारच आहे. पुढचं सांगा.

कॉलेजात ज्यूदो खेळलेय. सुरुवातीला नुसतं पडायलाच शिकवायचे, हनुवटी आत, हात टेकवायचा नाही, मनगट मोडतं. आता आठवीतल्या लेकीकडून घरी करून घेते, चार चादरी एकावर एक अंथरून. मी तिच्या पोटावर बसते. तिने माझा एक हात छातीशी घट्ट आवळायचा, त्याच बाजूचा माझा पाय तिच्या पायाने अडवायचा, मग कमरेतून उसळी आणि त्याच अंगाला लोळण. नुसती उसळी मारली तर मी हात टेकवून सावरते. हात आणि पाय दोन्ही अडकले असले की टेकवायला काही उरतच नाही. पहिले आठ दिवस जमलं नाही तिला. आता मी दर दुसऱ्या वेळी आपटते.

आधी_पळा:
हे सगळं चादरीवर ठीक. जिउजित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे लढवय्ये एकमेकांशी भिडवायच्या स्पर्धेत, एका रात्रीत तिघांना हरवलं, त्यावरून जग जिउजित्सूच्या मागे लागलं. पण ते तिघं एकामागून एक आले होते, एकदम नाही. खाली पाठीवर पडून तुम्ही एकाकडे पाय करणार, दुसरा डोक्याशी येणार. आणि चाकू असेल तर? मोबाईल फेकायचा एकीकडे, पळायचं दुसरीकडे. थोडं शिकून माणसाला उगाच खुमखुमी येते, हे मी पाहिलंय.

लालमाती:
पळायला मी तयार होतो हो. पण पळायला आधी उठावं लागतं, आणि माझा मुद्दा तोच आहे. मी दोन्ही हात टेकवून, वाकून उठायला गेलो आणि तोंडासमोर गुडघा आला. आता शिकतोय ते असं: एक हात मागे टेकवायचा, दुसरा तोंडापुढे, एक पाय जमिनीत रोवायचा, दुसरा अंगाखालून मागे ओढून घ्यायचा आणि त्याच्याकडे बघत बघतच उभं राहायचं. मग पळा की खुशाल!

कोर्टाच्या_बोळातून:
एक कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४. हल्ला होणार अशी रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो, पहिला फटका खायची गरज नाही. पण कलम ३७ वाचा, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. लोळवून तुम्ही वर आलात, तो गप पडला, आणि तरी तुम्ही गुद्दे चालूच ठेवलेत तर आरोपी तुम्ही. म्हणून ताई, लेकीला लोळणीनंतर तिथेच थांबायला शिकवू नका. उठून धूम, आणि ११२.

जुळे_सोलापूरची_ताई:
तेच शिकवलंय. लोळण झाली की स्वयंपाकघरापर्यंत पळायचं.

जुना_मल्ल:
ताई, ती उसळी आमच्याकडे आहेच की. चीत व्हायला आलेला गडी मानेवर कमान करून सुटतो, ती काय वेगळी? फक्त आम्ही ती खांदा वाचवायला करतो. हात-पाय अडवायचं तुमचं मला आवडलं, आमच्या पोरांना करायला लावून बघतो. बाकी पाठीवर पडून लाथा, ते अजूनही नाही पटत. लालमाती, सकाळी साडेपाचला ये. लंगोट नको, कामावर जातोस त्याच कपड्यात ये, बूट घालून. दोन पोरं तुझ्या अंगावर सोडतो, मग बघू कोण खरं.

लालमाती:
काका, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. बूट घालून हौद्यात उतरू द्याल ना पण?

जुना_मल्ल:
हौद्यात नाही. बाहेर फरशीवर.